एकाच दगडाचे दोन इतिहास : युकातानची अभ्याससहल



सहल म्हटलं की आपल्याला आधी डबा आठवतो, मग बसमधली खिडकीची जागा. अभ्याससहल म्हटलं की मात्र वही आठवते आणि चेहरा थोडा पडतो! आजच्या पाठात आपण अशाच एका अभ्याससहलीला जाणार आहोत. बस लागणार नाही. जगाचा नकाशा, वही आणि पेन्सिल एवढंच घेऊन बसा.

नकाशात मेक्सिको शोधा. त्याच्या आग्नेय टोकाला समुद्रात घुसलेला, अंगठ्यासारखा वर आलेला एक भूभाग दिसेल. हा युकातान द्वीपकल्प. इथे माया लोकांची नगरं आणि स्पॅनिश लोकांनी उभारलेली शहरं हाकेच्या अंतरावर उभी आहेत. म्हणूनच इतिहास, पुरातत्त्व आणि वास्तुकला शिकणारे विद्यार्थी ठिकठिकाणाहून इथे अभ्याससहलीला येतात. (एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. 'माया' हे या लोकांचं नाव आहे. आपल्या भाषेतल्या 'माया' शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, फक्त उच्चार जुळतो.)

या सहलीत एक अडचण आहे. माहितीपत्रकात 'माया वारसा' आणि 'स्पॅनिश वारसा' असे दोन वेगळे मथळे असतात. सकाळी पिरॅमिड, दुपारी चर्च. पण प्रत्यक्षात हे दोन वारसे असे शेजारी शेजारी उभे नाहीत. एक दुसऱ्याच्या पोटात आहे. चर्चच्या भिंतीतला दगड आधी माया मंदिरात होता. म्हणून बघायचं कसं, ही खरी या पाठातली शिकण्याची गोष्ट.

वहीची तयारी

वहीचं पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला लिहा, 'मला काय दिसतं?' उजव्या बाजूला तीन प्रश्न लिहा : हे कोणी बांधायला सांगितलं? कोणाच्या हातांनी बांधलं? आधी इथे काय होतं? प्रत्येक मुक्कामावर दोन्ही बाजू भरायच्या. डावी बाजू भरणं सोपं आहे. मार्क मात्र उजव्या बाजूला!

मुक्काम पहिला : मेरिदा

मेरिदा ही युकातान राज्याची राजधानी. ६ जानेवारी १५४२ रोजी फ्रान्सिस्को दे मोंतेहो (धाकटा) याने हे शहर वसवलं, असं पुस्तकात वाचायला मिळतं. आता इथे थांबा आणि उजव्या बाजूचा तिसरा प्रश्न विचारा. आधी इथे काय होतं? इथे तिहो नावाचं माया नगर होतं. उंच चौथरे, दगडी मंदिरं असलेलं. ते अवशेष पाहून स्पॅनिश लोकांना आपल्या देशातल्या मेरिदा गावातले रोमन अवशेष आठवले, आणि तेच नाव त्यांनी इथे दिलं. म्हणजे 'वसवलं' या एका शब्दाखाली एक अख्खं शहर गाडलेलं आहे.

शहराच्या मुख्य चौकात उभे राहा. पूर्वेला कॅथेड्रल, दक्षिणेला मोंतेहो घराण्याचा वाडा, पश्चिमेला नगरपालिका, उत्तरेला राज्य सरकारचा राजवाडा. धर्म, घराणं, गाव आणि सरकार, चारही सत्ता एकाच चौकाभोवती. स्पॅनिश अमेरिकेतली कितीतरी शहरं याच नमुन्यावर आखलेली आहेत.

कॅथेड्रलचं काम १५६१ मध्ये सुरू झालं आणि १५९८ मध्ये पूर्ण झालं. त्यासाठी तिहोच्या मंदिरांचे दगड वापरले गेले. बांधणारे हात माया मजुरांचे होते. हे मजूर आले कुठून? त्या काळी 'एन्कोमिएंदा' नावाची पद्धत होती. जिंकलेल्या प्रदेशातली गावं स्पॅनिश सरदारांना वाटून दिली जात. त्या गावांनी सरदाराला कापड, मका, मेण, मध द्यायचा, शिवाय कष्टही करायचे. कागदावर त्या बदल्यात सरदाराने लोकांचं रक्षण करायचं आणि त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवण्याची सोय करायची होती. कागद आणि वास्तव यांतलं अंतर तुम्ही ओळखालच.

आता मोंतेहो वाड्याच्या दर्शनी भागाकडे बघा. हा १५४९ चा. दाराच्या वर कोरलेले शस्त्रधारी सैनिक आहेत. त्यांचे पाय कुठे आहेत, ते नीट बघा. माणसांच्या डोक्यांवर! घराच्या मालकाला येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगायचं होतं, ते समजायला वाचता येण्याची गरज नव्हती.

एक कारण मात्र समजून घ्या. अझ्टेक साम्राज्य १५१९ ते १५२१ या दोन वर्षांत कोसळलं. युकातान जिंकायला स्पॅनिश लोकांनी १५२७ मध्ये सुरुवात केली, आणि मेरिदा वसायला १५४२ उजाडलं. एवढा वेळ का लागला? कारण माया लोकांचा एक राजा, एक राजधानी नव्हती. अनेक छोटी राज्यं होती. एक शरण आलं तरी दुसरं लढत राहायचं. दक्षिणेकडे पेतेनच्या जंगलात नोहपेतेन हे माया राज्य तर थेट १६९७ पर्यंत टिकून होतं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर तेवीस वर्षांनी ते पडलं. आता ही तारीख तुमच्या डोक्यात पक्की बसेल.

मुक्काम दुसरा : इसामाल

मेरिदाच्या पूर्वेला साधारण सत्तर किलोमीटरवर इसामाल आहे. गावातली घरं पिवळ्या रंगात रंगवलेली, मधोमध फ्रान्सिस्कन साधूंचा मोठा मठ. हा मठ १५६१ मध्ये पूर्ण झाला.

मठाकडे जायला चढ चढावा लागतो. युकातान तर ताटासारखा सपाट आहे, मग गावाच्या मधोमध हा उंचवटा कुठून आला? तो उंचवटा म्हणजे माया पिरॅमिडचा चौथरा आहे. वरचं मंदिर पाडलं, चौथरा ठेवला आणि त्यावर मठ बांधला. काही गल्ल्या ओलांडल्या की किनिच काक मो नावाचा दुसरा प्रचंड पिरॅमिड अजून उभा दिसतो. त्यावरून पहिला किती मोठा असेल याचा अंदाज येतो.

असं का केलं? दगड आयता मिळाला, हे एक कारण. पण तेवढंच नाही. लोक शेकडो वर्षं ज्या जागी श्रद्धेने येत होते, त्याच जागी नवा देव ठेवला तर लोकांची पायवाट बदलावी लागत नाही. पाय तेच, वाट तीच, वर पोचल्यावर देव वेगळा.

मठासमोरचं अंगण बघा. केवढं मोठं! चर्चच्या आत मावणार नाहीत एवढ्या माया लोकांना उघड्यावर बसवून उपदेश करायचा होता, म्हणून ही मोकळी जागा. मेरिदाजवळच्या झिबिलचालतून या प्राचीन माया नगरात तर भर चौकात स्पॅनिश लोकांनी 'उघडं प्रार्थनामंदिर' बांधलं. त्याचेही दगड आजूबाजूच्या माया इमारतींचेच. माया लोकांची पूजाअर्चा पूर्वीपासून मोकळ्या चौकात होत असे. म्हणजे बघा, जिंकणाऱ्यालाही जिंकलेल्यांच्या सवयीपुढे थोडं वाकावं लागलं. हे वाक्य उजव्या बाजूला लिहून ठेवा.

इसामालच्या मठाशी एक नाव जोडलेलं आहे : दिएगो दे लांदा. हे नाव अधोरेखित करा. पुढे लागणार आहे.

मुक्काम तिसरा : चिचेन इत्सा

मेरिदापासून सुमारे १२० किलोमीटरवर चिचेन इत्सा. १९८८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. नावाचा अर्थ 'इत्सा लोकांच्या विहिरीच्या मुखाशी'. विहीर कशाला? कारण उत्तर युकातानात जमिनीवरून वाहणारी नदीच नाही. खाली चुनखडीचा खडक आहे. पावसाचं पाणी झिरपून जमिनीखाली वाहतं. जिथे वरचा खडक कोसळतो तिथे खोल, गोल पाणवठा उघडा पडतो. त्याला 'सेनोते' म्हणतात. पाणी तिथे गाव, गाव तिथे मंदिर. पावसाचा देव चाक याचं इथे एवढं महत्त्व का, हे आता वेगळं सांगायला नको. दुष्काळी भागातल्या मुलांना तर नकोच नको!

इथला मुख्य पिरॅमिड सुमारे तीस मीटर उंच. आता त्यावर चढायला परवानगी नाही, पण खालूनही गणित करता येतं. चार बाजूंना चार जिने, प्रत्येकाला ९१ पायऱ्या. ९१ × ४ = ३६४. वरच्या मंदिराची एक पायरी धरली की ३६५. म्हणजे हा दगडात बांधलेला वर्षाचा हिशोब आहे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असण्याच्या सुमारास उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर उन्हाचे त्रिकोण पडतात आणि पायथ्याच्या सर्पमुखापर्यंत सरकणारा साप दिसतो.

गंमत म्हणजे सोळाव्या शतकात या इमारतीचं वर्णन करून, पायऱ्यांची संख्या लिहून ठेवणारा माणूस कोण? तोच, दिएगो दे लांदा.

थोडं गणित : माया अंक

माया लोक वीसच्या पटीत मोजत. चिन्हं फक्त तीन. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. तेरा लिहायचे तर दोन रेघा आणि तीन टिंबं. आपण अंक डावीकडून उजवीकडे मांडतो, ते खालून वर मांडत. सगळ्यात खाली एकक, त्यावर वीस.

दिवस मोजताना मात्र तिसरं घर ४०० चं नसून ३६० चं असे, म्हणजे १८ × २०. वर्षाच्या जवळ जाण्यासाठी केलेली ही सोय. आता ३६५ दिवस लिहू :

तिसरं घर (३६०) : एक टिंब
दुसरं घर (२०) : शिंपला
पहिलं घर (१) : एक रेघ

म्हणजे १ × ३६० + ० × २० + ५. मधला शिंपला काढला तर काय होईल? टिंब दुसऱ्या घरात घसरेल आणि उत्तर येईल २५! शून्याचं काम काय, हे समजवायला याहून सोपं उदाहरण मला फळ्यावर सापडलेलं नाही. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये शून्याचे नियम लिहिले. माया लोकांना आपली खबर नव्हती, आपल्याला त्यांची नव्हती. दोन्हीकडे शून्य स्वतंत्रपणे सुचलं.

मुक्काम चौथा : मानी

आता सहलीतला सगळ्यात शांत आणि सगळ्यात अवघड मुक्काम. मेरिदाच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर मानी नावाचं छोटं गाव आहे. एक मठ, समोर मोकळं पटांगण. फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून बऱ्याच सहली इथे थांबतच नाहीत. आपण थांबू.

१५६२ मध्ये मानीजवळच्या एका गुहेत मूर्ती आणि कवट्या सापडल्या. बाप्तिस्मा घेतलेले माया लोक अजून जुन्या देवांना भजतात, अशी खात्री लांदाला झाली. तो तेव्हा युकातानमधल्या फ्रान्सिस्कन पंथाचा प्रमुख होता. त्याने चौकशी लावली. चौकशी म्हणजे छळ. हजारो लोकांना यातना देण्यात आल्या. त्यात दीडशेहून अधिक लोक मेले, असं नंतरच्या अधिकृत तपासात पुढे आलं. १२ जुलै १५६२ रोजी मानीला जाहीर शिक्षेचा सोहळा झाला. मूर्ती फोडल्या. आणि माया पोथ्या जाळल्या.

या पोथ्या कशा होत्या? अंजिराच्या जातीच्या झाडाच्या सालीचा लांबलचक कागद, त्यावर चुन्याचा पातळ थर, त्यावर रंगीत चिन्हं आणि चित्रं, आणि सगळं पंख्यासारखं घड्या घालून ठेवलेलं. त्यांत ग्रहांची गणितं होती, ग्रहणांचे तक्ते होते, पूजेचे दिवस होते. लांदाने स्वतःच नंतर लिहिलं आहे की, या ग्रंथांत अंधश्रद्धा आणि सैतानाच्या खोट्या गोष्टींशिवाय काही नव्हतं म्हणून आम्ही ते सारे जाळले, आणि त्याचं या लोकांना फार दुःख झालं. ते दुःख त्याला दिसलं होतं. समजलं नव्हतं.

आज जगात माया लिपीतल्या चारच पोथ्या शिल्लक आहेत. एक जर्मनीत ड्रेस्डेनला, एक माद्रिदला, एक पॅरिसला आणि एक मेक्सिको सिटीत. युकातानात एकही नाही. म्हणजे माया वारसा पाहायला माया देशात गेलेल्या विद्यार्थ्याला माया पोथी मात्र तिथे पाहायला मिळत नाही. वहीची डावी बाजू इथे कोरी राहील. राहू द्या. कोरी जागा हीसुद्धा नोंद असते.

जाळणारा आणि जपणारा

आता गोष्टीला वेगळं वळण मिळतं. १५६२ मध्येच नवा बिशप फ्रान्सिस्को दे तोराल आला. त्याने हा प्रकार थांबवला. लांदाला जाब देण्यासाठी स्पेनला जावं लागलं. तिथे १५६६ च्या सुमाराला त्याने युकातानविषयी एक मोठा वृत्तान्त लिहिला. शेती, घरं, लग्नं, सण, कालगणना, पायऱ्या, झाडं, सगळं काही. पुढे तो दोषमुक्त झाला आणि १५७३ मध्ये बिशप म्हणून युकातानला परतला.

त्या वृत्तान्तात त्याने माया लिपीची 'मुळाक्षरं' लिहून ठेवली. त्यासाठी माया जाणकाराला शेजारी बसवून तो एकेक स्पॅनिश अक्षर उच्चारायचा आणि माणूस चिन्ह काढायचा. लांदाला वाटलं, झाली वर्णमाला तयार. पण तिथेच घोटाळा झाला. लांदाने 'बे' म्हटलं, म्हणजे स्पॅनिशमधलं ब हे अक्षर. माया भाषेत 'बे' म्हणजे रस्ता. त्या माणसाने रस्त्यावरचा पाऊलठसा काढून दिला! शेवटी एक वाक्य लिही म्हटल्यावर त्याने लिहिलं : 'मा इन काती'. अर्थ, 'मला नको आहे'. वैतागून लिहिलं की उदाहरण म्हणून, कोण जाणे. पण शाळेत शुद्धलेखनाला कंटाळलेल्या प्रत्येकाला ते वाक्य आपलं वाटेल.

लांदाच्या हस्तलिखिताची एक प्रत १८६२ मध्ये माद्रिदला सापडली. बरोबर तीनशे वर्षांनी. विद्वानांनी त्याच्या मुळाक्षरांनी पोथ्या वाचून पाहिल्या. काहीच लागेना. मग ही मुळाक्षरं निरुपयोगी आहेत, असं बहुतेकांनी ठरवून टाकलं.

१९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव या तरुण संशोधकाने निराळा विचार मांडला. ही एकेका ध्वनीची अक्षरं नसतील, ती व्यंजन आणि स्वर मिळून होणारी अक्षरं असतील तर? पोथीत टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हं होती. पहिलं लांदाच्या यादीतलं 'कु'. माया भाषेत टर्कीला म्हणतात 'कुत्स'. मग दुसरं चिन्ह 'त्सु' असणार. आता कुत्र्याच्या चित्रावर बघा. पहिलं चिन्ह तेच, 'त्सु'. दुसरं लांदाच्या यादीतलं 'ल'चं. कुत्र्याला माया शब्द आहे 'त्सुल'. जुळलं! त्सु-लु लिहायचं, शेवटचा स्वर सोडून 'त्सुल' वाचायचं.

युरोपातल्या विद्वानांना हे पटायला वर्षं लागली. तुम्हाला मात्र एका मिनिटात पटेल. का? आपण 'राम' लिहितो तेव्हा रा आणि म लिहितो. त्या म मध्ये अ आहे. पण वाचताना 'रामऽ' म्हणत नाही, राम् म्हणतो. शेवटचा स्वर गिळतो. बाराखडी घोकलेल्या मुलाला माया लिपीची ही युक्ती ओळखीची वाटते. कधीतरी बाराखडी कंटाळवाणी वाटली तर हे आठवा.

यानंतर हळूहळू शिलालेख बोलू लागले. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोफ या संशोधिकेने दाखवून दिलं की त्या दगडांवर नुसती पंचांगं नाहीत. राजांचे जन्म, राज्याभिषेक, लढाया, मृत्यू आहेत. म्हणजे माया लोकांना लिखित इतिहास होता. तो वाचणारे आपण नव्हतो, एवढंच.

मग लांदाला काय म्हणायचं? वर्गात हा प्रश्न आला की मुलांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, तो गुन्हेगार. दुसरा म्हणतो, त्याच्यामुळेच तर लिपी उलगडली. माझं म्हणणं असं की दोन्ही नोंदी लिहा, पण एकीने दुसरी खोडू नका. त्याने दिलेली किल्ली मोलाची आहे, हे खरं. पण कुलूप लागलं त्यात त्याचाही हात होता. पोथ्या जळाल्या नसत्या, लेखक घडवण्याची परंपरा तुटली नसती, तर किल्ली शोधायला तीनशे नव्वद वर्षं लागली नसती. शिवाय किल्ली एकट्या लांदाची नाही. चिन्हं काढून देणारा हात माया माणसाचा होता. त्याला मदत करणाऱ्यांत गास्पार आंतोनियो ची या माया दुभाष्याचं नाव येतं. पुस्तकांत लांदाचं नाव ठळक छापतात, चीचं तळटिपेत. आपल्या वहीत दोन्ही नावं एकाच आकारात लिहा.

हा पेच आपल्याला परका नाही. गोव्यात १५६० मध्ये पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन सुरू झालं, मानीच्या दोन वर्षं आधी. तेव्हाच्या काळात देवळं पाडली गेली आणि मंगेशीसारख्या देवता खाडीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेल्या गेल्या. आणि त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. धर्म शिकवायला लोकांची भाषा लागते, म्हणून मिशनरी ती भाषा शिकतात, लिहून ठेवतात. भाषेला त्याचा उपयोग होतो. पण त्यामुळे पाडलेलं देऊळ परत उभं राहत नाही. दोन्ही गोष्टी एका पानावर मांडता आल्या की इतिहास शिकायला सुरुवात झाली म्हणायचं.

मुक्काम पाचवा : आजचं गाव

सहलीहून आल्यावर मुलं निबंधात हमखास एक वाक्य लिहितात : 'माया संस्कृती नष्ट झाली.' हे वाक्य लिहाल तर मार्क कापीन! दक्षिणेकडची मोठी नगरं नवव्या शतकाच्या सुमाराला ओस पडली, हे खरं. पण नगरं ओस पडणं आणि माणसं संपणं यात फरक आहे. पोथ्या जळाल्यानंतर माया लेखकांनी साधूंच्या शाळेत शिकलेली रोमन लिपी घेतली आणि तिच्यात आपल्याच भाषेत आपलं ज्ञान लिहून काढलं. 'चिलाम बालाम' नावाने ओळखले जाणारे हे गावोगावचे ग्रंथ आज उपलब्ध आहेत. १८४७ मध्ये माया लोकांनी मोठा उठाव केला. तो संघर्ष १९०१ पर्यंत चालला. आजही युकाताने माया भाषा सात लाखांहून अधिक लोक बोलतात, आणि मेक्सिको, ग्वाटेमाला आणि शेजारी देशांत मिळून तीसच्या आसपास माया भाषा जिवंत आहेत.

चिचेन इत्सात माहिती सांगणारा मार्गदर्शक, बाजारात मक्याच्या भाकऱ्या थापणारी बाई, बसचा चालक, यांतले अनेक जण घरी माया बोलतात. म्हणून उजव्या बाजूला चौथा प्रश्न वाढवा : आज इथे कोण राहतं, आणि त्यांना या जागेबद्दल काय वाटतं? दगडांना विचारून झालं की माणसांना विचारायचं.

विचारायची सुरुवात कशी करायची, तेही सांगतो. युकातानात 'कसे आहात?' हे 'बिश आ बेल?' असं विचारतात. शब्दशः अर्थ, 'तुझा रस्ता कसा आहे?' त्यातला 'बे' ओळखलात ना? लांदासमोर बसून त्या माणसाने काढलेला पाऊलठसा. तो शब्द साडेचारशे वर्षांनीही रोज बोलला जातो.

आणि आपल्या घरातही युकातान आहे बरं का. चिकू! हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. माया लोकांनी मंदिरांच्या दारांवर आडव्या तुळया घातल्या त्या चिकूच्या टणक लाकडाच्या. त्यातल्या काही हजार वर्षांहून जास्त टिकल्या. पुढच्या वेळी चिकू खाताना बी हातात घेऊन जरा बघा.

शब्दपरिचय

सेनोते : चुनखडीचा खडक कोसळून उघडा पडलेला नैसर्गिक पाणवठा.
एन्कोमिएंदा : जिंकलेल्या गावांचा वसूल आणि श्रम सरदाराला देण्याची स्पॅनिश पद्धत.
चाक : माया लोकांचा पावसाचा देव.
हाब : माया लोकांचं ३६५ दिवसांचं वर्ष. वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर पाच दिवस.

स्वाध्याय

१. माया पद्धतीने दिवस मोजताना २६० ही संख्या कशी लिहाल? (सूचना : दुसऱ्या घरात तेरा, पहिल्या घरात काय?)
२. माया लोकांचं एक धार्मिक चक्र २६० दिवसांचं आणि दुसरं ३६५ दिवसांचं होतं. दोन्ही एकाच दिवशी सुरू झाली तर पुन्हा किती दिवसांनी एकत्र येतील? लसावि काढा. उत्तर १८,९८० दिवस, म्हणजे बरोबर ५२ वर्षं येतं का, ते पडताळा.
३. इसामालचा मठ पिरॅमिडच्या चौथऱ्यावर का बांधला असेल? दोन कारणं लिहा.
४. 'लांदाने माया लिपी वाचवली.' या विधानात काय बरोबर आहे आणि काय राहून गेलं आहे? दहा ओळींत लिहा.

उपक्रम

तुमच्या गावातली एखादी जुनी वास्तू निवडा. देऊळ, मशीद, चर्च, वेस, बारव, वाडा, काहीही चालेल. वहीचं पान दुमडा आणि चारही प्रश्न तिथे विचारा. वास्तूत दुसरीकडून आणलेले दगड, खांब किंवा कोरीव तुकडे दिसतात का, ते शोधा. जवळ राहणाऱ्या निदान दोन वयस्कर माणसांशी बोला. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. कोणाचं खरं, हे लगेच ठरवायची घाई नको. त्यावर आपण वर्गात बोलू.